व्याख्यान न्यूटनचे नको, कोयनेचे हवे

सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या इतिहासावर व्याख्यान रेकॉर्ड करायचे म्हटले, की सुरुवात हमखास न्यूटनच्या सफरचंदापासून! कोयना हाताशी असताना ही उसनवारी कशाला? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे पाटण तालुका भूकंपाने हादरला. तोवर दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. कोयना धरणात पाणी साठू लागल्यापासून मात्र धक्के जाणवत होते. पाण्याचे वजन आणि खडकांच्या भेगांत वाढणारा दाब भूकंपाला निमित्त ठरतो का, हा वाद जगभर गाजला. पुढे याच परिसरात संशोधनासाठी सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. व्याख्यानात निष्कर्षाआधी हा वाद मांडा. रेकॉर्ड करताना फोन स्टँडवर ठेवा, पंखा बंद करा, कागद बघून वाचू नका. भूकंप आठवणाऱ्या आजीचा आवाज घ्यायचा तर आधी तिला विचारा.