घरचे हत्यारघर – भाग ७ : ड्रिल घेण्याआधी भिंत ओळखा

मागच्या भागात आपण पाने आणि पकडी पाहिल्या. आता पहिले विजेचे हत्यार घेऊ. फ्लॅटचा ताबा मिळाला की पडद्यांचे रॉड, आरसा, देवघर, टीव्ही असे एकेक करून सगळे भिंतीवर चढवायचे असते आणि कॉर्डलेस ड्रिलचा विचार बहुतेक घरांत तेव्हाच सुरू होतो. दुकानात विचारतात, "बारा व्होल्ट देऊ की अठरा?" उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा : भोक कशात पाडायचे आहे?

छत्रपती संभाजीनगरच्या नव्या इमारतींत हलक्या, करड्या एएसी ब्लॉकच्या भिंती दिसतात, तर सिडको-हडकोतल्या जुन्या घरांत बहुधा विटांच्या. कॉलम, बीम आणि स्लॅब मात्र काँक्रीटचे. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर, म्हणजे ड्रिलचे ठोके, बंद ठेवूनच ड्रिल चालवावे, नाहीतर भोकाच्या कडा ढासळतात आणि स्क्रू धरणारी गिट्टी सैल बसते. विटेत ६ किंवा ८ मिलिमीटरचे भोक कॉर्डलेस ड्रिल हॅमरवर सहज पाडते. खरी कसोटी काँक्रीटची. आपल्याकडच्या काँक्रीटमधली खडी काळ्या बसाल्टची असते. वेरूळची लेणी कोरली ती याच खडकात. बिटाचे टोक खडीवर आले की भोक पुढे सरकत नाही. माणूस अंगाचा भार टाकतो, बिट तापते आणि टोकाची धार जाते.

कारण यंत्राच्या पोटात आहे. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात. त्यातून मिनिटाला हजारो ठोके निघतात, पण प्रत्येक ठोका हलका असतो. ज्याला कारागीर हॅमर मशीन म्हणतात, त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि दाबलेली हवा ठोकळ्याला बिटावर आपटते. ठोके कमी, पण जबर. त्याने खडी फुटते.

याचा घराशी थेट संबंध आहे. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर लागतो आणि तिथे बहुतेक घरांत काँक्रीटचे लिंटेल असते. म्हणजे पहिलेच काम सर्वांत कठीण जागी! अशी भोके हॅमर मशीनवाल्याकडून एका दिवसात पाडून घ्यावीत. बिट सळईला लागले तर तिथेच थांबून भोकाची जागा बदलावी, सळई कापू नये. उरलेल्या कामांसाठी कॉर्डलेस ड्रिल पुरते.

आता व्होल्टकडे येऊ. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो. तीन सेल जोडले की १०.८ आणि पाच जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४ व्होल्टच्या थोडा वर जातो, म्हणून तेच पॅक कुणी १२ आणि २० किंवा २१ व्होल्टचे म्हणून विकतो. १८ आणि २० यांत ताकदीचा फरक नसतो. बिनब्रँडच्या काही पॅकवर ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेले असतात. आत ओळीने जोडलेले पाच सेल असतील, तर तो पॅक १८ व्होल्टचाच.

पिळाची ताकद न्यूटन-मीटरमध्ये लिहितात. १२ व्होल्टच्या यंत्रांत ती ३० च्या आसपास, १८ च्या सुटसुटीत यंत्रांत ५० ते ६० असते. माहितीपत्रकात पुष्कळदा दोन आकडे असतात : 'हार्ड' म्हणजे धातूसारख्या कठीण जागी एका क्षणी मिळणारा झटका, 'सॉफ्ट' म्हणजे लाकडात स्क्रू आवळताना मिळणारा जोर. प्लायवूडचे काम असेल तर लहान आकडा पाहावा. चकमागच्या आकड्यांच्या कड्याचा वापरही शिकून घ्या. ते योग्य जागी लावले की स्क्रू बसताच यंत्र सुटते आणि स्क्रू प्लायमध्ये रुतत नाही.

वाळूज किंवा चिकलठाण्यातल्या छोट्या वर्कशॉपचे गणित वेगळे. तिथे लोखंडी अँगल आणि पट्ट्या असतात. साध्या लोखंडात एचएसएस बिटाने ६ मिलिमीटरचे भोक पाडायला मिनिटाला सुमारे १,३०० फेरे योग्य, १० मिलिमीटरला सुमारे ८००. मोठ्या भोकाला कमी फेरे आणि जास्त पीळ लागतो, म्हणून दोन गिअर, १३ मिलिमीटरचा चक आणि १८ व्होल्ट हवेत. रोज चालणारे यंत्र ब्रशलेस घ्यावे : कार्बन बदलायचा नाही आणि त्याच बॅटरीवर काम जास्त निघते. एकाच मापाची शेकडो भोके पाडायची असतील, तर पिलर ड्रिलला पर्याय नाही.

बॅटरीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर. ४ चा पॅक म्हणजे ७२. एका कंपनीचा पॅक सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. पुढे ग्राइंडर किंवा जिगसॉ घ्यायचा असेल, तर पहिल्या ड्रिलबरोबरच तुम्ही ते घराणे निवडलेले असते. म्हणून त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर शहरात आहे का, सुटी बॅटरी मिळते का, हे आधी विचारा.

आपला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि बहुतेक पुस्तिकांत चार्जिंगची वरची मर्यादा ४० ते ४५ अंश दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग टाळा, पहाटे किंवा रात्री करा. कामावरून काढलेली गरम बॅटरी आधी निवू द्या. स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत पॅक ठेवू नका. बरेच दिवस वापर नसेल तर तो अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा.

थोडक्यात निवड अशी : फर्निचर जोडणे आणि एएसी ब्लॉकमधली हलकी कामे असतील तर १२ व्होल्ट, विटेच्या भिंती आणि सगळ्या घराचे काम असेल तर १८ व्होल्ट, हॅमर, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, वर्कशॉपसाठी ब्रशलेस १८ आणि ४ अँपिअर-अवर. काँक्रीटसाठी हॅमर मशीन वेगळेच.

पुढच्या आठवड्यात बिट आणि गिट्ट्या : लाकूड, लोखंड आणि काँक्रीटची बिटे कशी ओळखायची आणि कोणत्या भिंतीत किती वजन टांगायचे.