बह्याचें रामलिंग बेट

इस्लामपुराहून थोड्याच अंतरावर, बहे गांवाजवळ कृष्णामाई दुभंगते आणि पुढें पुन्हां एक होते. मधल्या बेटावर रामलिंगाचें देवालय असून त्याच्या मागें समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकीं एक उभा आहे. स्थापनेचें वर्ष शके १५७३ सांगतात. श्रीराम शिवपूजनांत मग्न असतां महापूर आला, तेव्हां हनुमंतानें बाहु पसरून प्रवाह दोहीं बाजूंस वळविला. त्या बाहूंवरून गांवास ‘बहे’ नांव पडलें, अशी आख्यायिका आहे.

प्रवाशानें ही कथा विसरूं नये, कारण पूर आजही येतो. कृष्णा व कोयना या दोघी महाबळेश्वरीं उगम पावून कऱ्हाडास भेटतात, आणि बहे त्या संगमाच्या खालच्या अंगास आहे. म्हणून इस्लामपुरांत आकाश निरभ्र असलें, तरी सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस व कोयनेच्या धरणांतून सोडलेलें पाणी कांहीं काळानें येथें पोंचतें. इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णाकांठानें याचा दारुण अनुभव घेतला. यास्तव पावसाळ्यांत गांवकऱ्यांस विचारल्यावांचून बेटावर उतरूं नये. हिंवाळ्यांत मात्र त्या दोन धारांमध्यें घटकाभर उभें राहावें; हनुमंताचे बाहु कथेंत कोठून आले, तें मग कोणास सांगावें लागत नाहीं.