टर्बोचा धूर आणि तेलाची परतीची वाट

सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, गाडी ऑइल खाऊ लागली, इंटरकूलरच्या पाइपात तेलाचं थारोळं सापडलं की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: ‘टर्बो गेला, सील लीक आहे.’ टर्बो बदलला जातो. काही दिवस बरे जातात आणि धूर पुन्हा हजर होतो. मग नवा टर्बो डुप्लिकेट होता, असा निकाल लागतो. बाहेरून विकत घेऊन बसवलेल्या टर्बोच्या वाट्याला हे फार येतं; मग तो मूळ टर्बोच्या जागी बसवलेला असो, की मुळात टर्बो नसलेल्या इंजिनावर हौसेनं चढवलेला. डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे खरंच. पण पुष्कळदा टर्बो निर्दोष असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत तेल येण्याची, आणि त्याहून जास्त वेळा तिथून तेल परत जाण्याची वाट.

टर्बोच्या एका टोकाला टर्बाइनचं चाक असतं, ते एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरतं. दुसऱ्या टोकाचं कॉम्प्रेसरचं चाक इंजिनात हवा कोंबतं. दोघांना जोडणारी बारीक दांडी मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेते; लहान टर्बोत हा आकडा दोन लाखांच्या वर जातो. साध्या टर्बोत ही दांडी पितळी किंवा कांस्याच्या बुशात तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. तेल तिला धातूला टेकू देत नाही, शिवाय उष्णताही वाहून नेतं. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो, डिझेलचा त्याहून कमी. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबानं येतं. परतीच्या वाटेवर मात्र पंप नसतो. आत जाताना तेलाला कोणीतरी ढकलतं. बाहेर येताना ते नुसतं आपल्या वजनानं खाली पडतं. टर्बोच्या तेलाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यानं होतात, असं माझं मत आहे.

‘तेल गळतंय म्हणजे सील फाटलं’

टर्बोच्या दांडीवर रबरी सील नसतं. टर्बाइनच्या बाजूच्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारखी एक छोटी धातूची रिंग खाचेत बसवलेली असते. साठलेलं तेल अडवून धरणं हे तिचं काम नव्हेच. मधल्या घरात, म्हणजे जिथे बुश असतात तिथे, तेल साचत नसेल आणि दोन्ही चाकांच्या बाजूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असेल, तेव्हाच ती तेल आत ठेवते. मधलं घर तेलानं भरू लागलं की रिंग कितीही नवी असली तरी तेल बाहेर येणार. एअर फिल्टर चोंदला आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढली, तरी तेल त्या बाजूला खेचलं जातं. जुन्या काळी कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसवत, तेव्हा थ्रॉटल मिटला की हीच ओढ निर्माण होई; म्हणून त्या टर्बोंना खास कार्बनचं सील लावावं लागे.

तेव्हा ‘सील किट’ टाकून दुरुस्ती होईल, ही आशा सोडलेली बरी. आधी दांडी हातानं हलवून पाहावी. बाजूला किंचित हलणं साध्या बुशाच्या टर्बोत स्वाभाविक आहे, कारण तेलाच्या थरासाठी ती जागा सोडलेलीच असते. पण मागे-पुढे जाणवण्याइतका प्ले असेल, किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखर गेला. दांडी मोकळी फिरते, पाती शाबूत आहेत आणि तेल मात्र दोन्ही बाजूंनी येतंय, अशी स्थिती असेल तर संशय परतीच्या पाइपावर घ्यावा.

‘रिटर्न पाइप काय, कसाही चालतो’

मोरीचं पाणी उताराशिवाय जात नाही, हे घर बांधणाऱ्याला सांगावं लागत नाही. टर्बोच्या रिटर्न पाइपला तोच नियम लागू आहे आणि नेमका तिथेच तो विसरला जातो.

टर्बोत शिरलेलं तेल बाहेर पडतं तेव्हा ते आधीसारखं राहिलेलं नसतं. लाखभर फेऱ्यांनी घुसळून त्याचा फेस झालेला असतो. फेस जागा जास्त घेतो आणि सावकाश वाहतो. म्हणून तेल आत नेणारा होज चार नंबरचा, म्हणजे आतून पाच-सहा मिलिमीटरचा पुरतो, तर परतीचा किमान दहा नंबरचा, सुमारे चौदा-पंधरा मिलिमीटरचा घ्यावा असा संकेत आहे. होज मोठा आणि त्याच्या टोकाचं फिटिंग आतून अरुंद, ही फसवणूक नेहमीची. दुसऱ्याच मॉडेलचं पॅकिंग लावल्यामुळे टर्बोच्या तळाचं अर्धं भोक झाकलं गेलंय, हीसुद्धा.

उताराचं प्रमाणही ठरलेलं आहे. टर्बो बनवणारी गॅरेट कंपनी सांगते की टर्बोच्या मधल्या घराचं तेलाचं भोक सरळ खाली पाहणारं असावं आणि उभ्या रेषेपासून ते ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. होल्सेट या दुसऱ्या टर्बो-कंपनीच्या सूचनांत रिटर्न पाइप आडव्या रेषेखाली किमान ३० अंश उतरता असावा, असं म्हटलेलं आहे. तेही गाडी चढावर किंवा वळणावर असताना धरून. पाइपाला मध्ये पोट नको, वळसा नको, इंजिनाच्या धक्क्यानं दबेल असा मऊ रबराचा तुकडाही नको.

पाइप शेवटी चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागाला, जोडायचा तो तेलाच्या पातळीच्या वर. पातळीखाली जोडला तर तेलाला साठलेल्या तेलात घुसावं लागतं आणि ते मागे तुंबतं. क्रँकशाफ्ट जिथे तेल उडवतो त्या झोतासमोरही भोक पाडू नये. एवढं सगळं सांभाळूनही कोणी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरलं, तर केलेली मेहनत वाया.

यानंतर येतो तो दोष, ज्याच्यामुळे मापात बसवलेला पाइपही हरतो. पिस्टनच्या रिंगांमधून निसटून चेंबरमध्ये उतरलेल्या वायूंना आपले मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूंनी चेंबरमध्ये दाब वाढला की तो रिटर्न पाइपातून वर चढतो आणि खाली पडणाऱ्या तेलाला थोपवतो. तेलाकडे फक्त स्वतःचं वजन आहे. त्याला अडवायला फार दाब लागत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनावर टर्बो चढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्याबरोबर हे वायूही वाढतात, आणि त्यांना बाहेर सोडणारा मूळचा ब्रीदर अपुरा पडतो. शिवाय बूस्ट असताना, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब असतो. चेंबरमधून तिकडे वायू सोडणारा व्हॉल्व्ह अशा वेळी मिटला पाहिजे आणि वायूंना टर्बोच्या आधीच्या, हवा ओढणाऱ्या पाइपात मोकळी वाट मिळाली पाहिजे. जुन्या डिझेल इंजिनात रिंगाच झिजल्या असतील, तर नवा टर्बो हे उत्तर नाही. आधी इंजिन खोलावं लागतं.

हे ओळखायची एक जुनी आणि स्वस्त चाचणी आहे. रिटर्न पाइपाचं खालचं टोक चेंबरपासून सोडवून बादलीत सोडायचं, चेंबरचं भोक बुचानं बंद करायचं आणि इंजिन फक्त आयडलवर चालवायचं. एक्झॉस्टमध्ये आधीचं साठलेलं तेल जळून गेल्यावर धूर थांबला, तर टर्बो निर्दोष ठरतो. दोष चेंबरच्या दाबात किंवा जोडणीच्या जागेत आहे. चाचणी मिनिटाभराचीच करावी, तेलाच्या पातळीवर नजर ठेवावी आणि गरम एक्झॉस्टवर तेल सांडू देऊ नये.

टर्बो इतका खाली आहे की उतारच मिळत नाही, अशी वेळही येते. अमेरिकेत काही जण मागच्या सायलेन्सरच्या जागी टर्बो बसवतात. तिथे तेल परत ओढून आणायला वेगळा पंप लावण्यावाचून गत्यंतर नसतं. पण हा पंप बंद पडला की टर्बो काही क्षणांत तेलानं भरतो. मॅनिफोल्ड बदलून टर्बो चार बोटं वर घेता येत असेल, तर आधी तेच करावं.

‘तेल जास्त दिलं की टर्बो सुरक्षित’ आणि ‘धूर आला की तेल कमी करा’

हे दोन समज एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि एकाच गॅरेजमध्ये दोन्ही ऐकायला मिळतात. साध्या बुशाच्या टर्बोला दाब आणि प्रवाह भरपूर लागतो. होल्सेटच्या सूचनांप्रमाणे इंजिन पेटल्यावर तीन-चार सेकंदांत टर्बोच्या तोंडाशी १.५ बार दाब यायला हवा, लोडवर किमान २.१ बार आणि आयडलवर तो ०.७ बारखाली जाऊ नये. अशा टर्बोच्या फीडमध्ये, म्हणजे तेल आत नेणाऱ्या पाइपात, बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर घातला तर धूर कमी होतो खरा, पण बुश उपाशी राहून दांडी धातूवर घासते. गॅरेटचं सांगणंही हेच की बुशाच्या टर्बोला रिस्ट्रिक्टर साधारणपणे लागत नाही. इतर सगळी कारणं तपासून झाल्यावरचा तो शेवटचा उपाय.

बॉल बेअरिंगच्या टर्बोचं गणित निराळं. त्याला तेल कमी लागतं. गॅरेटच्या मते इंजिनाच्या कमाल वेगाला त्याच्या तोंडाशी ४० ते ४५ पीएसआय, म्हणजे सुमारे तीन बार दाब असावा, आणि बऱ्याच प्रवासी गाड्यांत त्यासाठी किमान एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. काही टर्बोंत तो आतच बसवलेला असतो. वर दुसरा घातला तर बेअरिंग जळतं. भोकाचं माप मित्राच्या गाडीवरून ठरवू नये. टर्बोच्या तोंडाशी दाबमापक लावून आकडा पाहावा.

‘पाइप जुनाच राहू दे, चांगला आहे’

बाहेरून चांगला. आत काय आहे? एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या फीड पाइपात जळलेल्या तेलाचा कार्बन थर धरत जातो. युरोपात प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्ड यांच्या १.६ लिटर डिझेल इंजिनांनी याचा मोठा धडा दिला. इंजेक्टरच्या तळाशी गळती होऊन ऑइलमध्ये काजळी उतरायची आणि फीड पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टमधली बारीक जाळी चोंदायची. ती जाळी आणि पाइप न बदलता बसवलेले नवे टर्बो लवकरच जुन्याच्या वाटेनं गेले. तेव्हापासून तिथले टर्बो-विक्रेते वॉरंटीसाठी नव्या पाइपाचं आणि नव्या ऑइलचं बिल मागू लागले.

दुसरा शत्रू टेफ्लॉन टेप. घरच्या नळाला ठीक, तेलाच्या फिटिंगला कदापि नको. तिचा एक धागा सुटला की मिलिमीटरभराचं भोक बंद. फीड आणि रिटर्नच्या पॅकिंगला सिलिकॉन फासणं, हाही तोच गुन्हा. मुळात टर्बो नसलेल्या इंजिनावर फीड बहुधा ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घेतात. जागा योग्य आहे, पण तिथलं तेल फिल्टरमधून आलेलं आहे ना, याची खात्री करावी. मग नवा टर्बो पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्याच्या तोंडात स्वच्छ ऑइल घालून चाकं हातानं फिरवावीत आणि इंधन तोडून स्टार्टर मारावा, दाब येईपर्यंत. कोरड्या बुशावर पहिले काही सेकंददेखील महागात पडतात.

‘जाड ऑइल घाला, गळती थांबेल’ हा सल्ला थोडक्यात निकाली काढता येतो: जाड तेल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं आणि तिथून परतही हळू पडतं. कंपनीनं सांगितलेला ग्रेडच वापरावा. गाडी बंद करण्याआधी नेहमी पाच मिनिटं आयडल करावी, हाही अतिरेक. शहरात सावकाश घरी आल्यावर त्याची गरज नाही. मात्र खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट पूर्ण जोरानं चढून लगेच चहाला थांबलात, तर इंजिन मिनिटभर चालू ठेवणं शहाणपणाचं. नाहीतर थांबलेलं तेल गरम दांडीवर करपतं.

एका धोक्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. डिझेल गाडीच्या इनटेकमध्ये तेल जास्त गेलं, तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडावा. म्हणूनच टर्बो बदलताना इंटरकूलर आणि पाइप धुऊन तेलमुक्त करणं टाळू नये.

टर्बो नसलेल्या गाडीवर तो चढवणाऱ्यांसाठी कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम उचलून धरलं. बंद ट्रॅकवरची गाडी ही गोष्ट वेगळी.

टर्बो बदलण्याच्या खर्चाचा अंदाज हातात आला की त्यात फीड पाइप, बँजो बोल्ट, दोन्ही पॅकिंग, ऑइल आणि फिल्टर यांची किंमत लिहिली आहे का, ते पाहा. चेंबरचा दाब तपासला का, हेही विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर टर्बो मागवू नका.