सॅन डिएगोहून पत्र: बिलातली एक ओळ

माझा जन्म चिपळूणजवळच्या पोफळीच्या प्रकल्प कॉलनीतला. कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून पावणेपाचशे मीटर खाली येतं आणि डोंगराच्या पोटातली जनित्रं फिरवतं, हे आम्हाला बाराखडीबरोबरच कळलं. वडील रात्रपाळीहून आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि बोगद्यातल्या दमट हवेचा वास यायचा. वीज कुठून येते, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. ती कोणाची आणि तिचा भाव कोण ठरवतं, हे प्रश्न मात्र मला कळले ते थेट इथे, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला आल्यावर. त्याला निमित्त झालं इथल्या वीजबिलातली एक ओळ.

आपल्याकडच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी सोळा टक्के वीज शुल्क असतं. सॅन डिएगो शहराच्या हद्दीतल्या बिलात आणखी एक रक्कम दिसते, फ्रँचायझी फीच्या फरकाची. विजेवर ती 5.78 टक्के आहे. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून बिल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या रस्त्यांचं भाडं. कंपनी ते शहराला देते आणि वसूल करते आमच्याकडून."

यातलं 'रस्त्यांचं भाडं' हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे फ्रँचायझी म्हटलं की भिवंडी आठवते. तिथे 26 जानेवारी 2007 पासून टोरेंट पॉवर ही कंपनी महावितरणच्या वतीने वीज वाटते आणि बिलं वसूल करते. पुढे 2011 मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव इथेही हा प्रयोग झाला आणि गुंडाळला गेला. 2020 मध्ये मालेगाव आणि कळवा-मुंब्रा इथे तो पुन्हा सुरू झाला. हा करार महावितरण आणि कंपनी या दोघांमधला आहे. भिवंडीच्या महापालिकेची त्यावर सही नाही. यंत्रमागवाल्याने मोर्चा काढला तरी तो कोणाच्या दारात न्यायचा, इथपासून प्रश्न.

इथे उलटं आहे. खांब रोवायचे, तारा ओढायच्या, गॅसच्या नळ्या पुरायच्या तर रस्ता लागतो आणि रस्ता शहराचा. म्हणून कंपनीला शहराकडे परवानगी मागावी लागते. सॅन डिएगो शहराने ती 1920 मध्ये दिली आणि 1970 मध्ये पुन्हा पन्नास वर्षांसाठी दिली. पन्नास वर्षं! ज्यांनी हात वर केले त्यातले कित्येक मुदत संपायच्या आत गेले, आणि करार चालू राहिला.

तो 2021 च्या जानेवारीत संपत आला तेव्हा लोक जागे झाले होते. अमेरिकेतल्या सगळ्यात महाग विजेपैकी इथली एक. कंपनी एकच, सॅन डिएगो गॅस अँड इलेक्ट्रिक. शहराने करारासाठी बोली मागवल्या, पहिली फेरी रद्द केली, जुन्या कराराला जूनपर्यंत मुदतवाढ दिली आणि दुसऱ्या फेरीत किमान बोली ठेवली आठ कोटी डॉलर. पुढे आली ती जुनीच कंपनी. सिटी कौन्सिल म्हणजे इथली महापालिका सभा, सभासद नऊ. शहराच्या सनदेत लिहिलंय की असा करार द्यायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे सहा. 25 मे 2021 रोजी बरोबर सहा मतं पडली. विरोधात तीन.

करोनामुळे सभागृह रिकामं होतं आणि लोक फोनवरून बोलत होते. मी स्वयंपाकघरात डाळ शिजत ठेवून ते ऐकत होते. एकामागून एक माणूस यायचा, आपलं नाव सांगायचा आणि मिळालेल्या मिनिट-दोन मिनिटांत बोलायचा. कोणी म्हणे पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत देऊ नका, कोणी म्हणे शहराने स्वतःच वीजमंडळ काढावं. कंपनीच्या बाजूनेही कामगार संघटनांची माणसं बोलत होती, त्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. तासन् तास हे चाललं. डाळ केव्हाच शिजली होती. मला सारखं वाटत होतं, आमच्या कॉलनीतल्या, शेजारच्या अलोरे-कोळकेवाडीतल्या कोणाला कधी दोन मिनिटं मिळाली होती?

लोक हरले असं मी म्हणणार नाही. पन्नासाची मुदत दहावर आली. दहा वर्षांनी ती आपोआप आणखी दहा वर्षं वाढते, पण कौन्सिलला दोन तृतीयांश मतांनी ती थांबवता येते. आठ कोटी ग्राहकांच्या बिलातून काढायचे नाहीत, भागधारकांनी द्यायचे, असं ठरलं. दर मात्र कमी झाले नाहीत, आणि इथेच या देशाची घडी समजून घ्यावी लागते. रस्ता शहराचा असला तरी कंपनीचा भाव शहर ठरवत नाही. तो ठरवतो राज्याचा आयोग, ज्याचे पाच सदस्य गव्हर्नर नेमतात. आपल्याकडे 1999 मध्ये आलेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जे काम करतो तेच. 2023 च्या जानेवारीत घाऊक गॅस भडकला आणि शहरात गॅसची बिलं दुप्पट झाली, तेव्हा लोक कौन्सिलकडे धावले. कौन्सिल म्हणालं, भाव आमच्या हातात नाही. 2024 मध्ये शहराची स्वतःची वीजसंस्था काढण्यासाठी सह्यांची मोहीम झाली. आपल्याला मुंबईची बेस्ट ठाऊक आहे, आणि इथून दोन-अडीच तासांवर लॉस एंजेलिसला शहराची स्वतःची वीजसंस्था आहेच. पण पुरेशा सह्या जमल्या नाहीत आणि कौन्सिलनेही तो प्रश्न मतपत्रिकेवर घेतला नाही. आता 2025 च्या ऑक्टोबरपासून बिलात महिन्याला 24.15 डॉलरचा स्थिर आकार आला. युनिटचा दर थोडा उतरवून तो लावलाय, पण कमी वीज वापरणाऱ्याला तो बोचतोच.

रत्नागिरीच्या माणसाला हे परकं वाटू नये. कोयनेचं वापरलेलं पाणी पोफळीहून वाशिष्ठीत जातं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. त्याच खाडीच्या तोंडाशी अंजनवेलला एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आली. करार झाला 1993 मध्ये, वीस वर्षांचा, आणि गुहागरच्या गावकऱ्यांना तो वाचायलाही मिळाला नव्हता. विरोध केला म्हणून त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला आणि मे 2001 मध्ये बंद पडला. मधल्या काळात त्या विजेचा भाव काही महिने युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. त्याच वेळी, 2000 च्या उन्हाळ्यात, सॅन डिएगोची बिलं दुप्पट-तिप्पट झाली होती, कारण कॅलिफोर्नियात बाजारावर सोडलेला भाव सगळ्यांत आधी याच शहराच्या ग्राहकांच्या बिलात उतरला. लोकांनी इतका ओरडा केला की विधिमंडळाला युनिटला 6.5 सेंटची कमाल मर्यादा घालावी लागली. पुढे एन्रॉनच्या वीज-व्यापाऱ्यांनी बाजार फिरवल्याचं न्यायालयात कबूल केलं. माझ्या माहेरची खाडी आणि मी आज राहते ते शहर, दोन्हीकडे एकाच कंपनीचा हात एकाच वर्षी पोचलेला होता. हे मला इथे आल्यावर कळलं आणि त्या रात्री झोप आली नाही.

म्हणून माझं आपल्याकडच्या मंडळींना कळकळीचं सांगणं आहे की बिल घेऊन वीज कचेरीत भांडायला जाल तेव्हा जाच, पण करार लिहिला जातो तेव्हाही तिथे असा. आयोगाच्या जाहीर सुनावण्या होतात, हरकती लेखी घेतल्या जातात. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि पुण्याची 'प्रयास' संस्था ही मंडळी वर्षानुवर्षं तिथे आकडे मांडत आली आहेत. चिपळूणहूनही तसे कागद जायला हवेत. भिवंडीच्या कराराची वाढीव मुदत 2027 च्या जानेवारीत संपते, ती तारीख भिवंडीकरांनी भिंतीवर लिहून ठेवावी. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी 2031 लिहून ठेवलंय, फ्रीजच्या दारावर. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या असतील.

परवा त्यांना पोफळीचं सांगितलं. डोंगरातलं वीजगृह, 1962 पासून निघणारी वीज, चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं केंद्र धरून 1960 मेगावॉट, आणि तरी पोफळीच्या घरात राज्यभरच्यासारखाच दर. बाईंनी पेन्सिल उचलली.

"तुमच्या गावाशी करार कोणी केला होता?"

"करार नव्हता. सरकारने जमीन संपादन केली होती."

"बरं. किती वर्षांसाठी?"

त्यांची पेन्सिल कागदावर तशीच थांबलेली होती. मुदतीचा प्रश्नच नव्हता, हे त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.