कुपातील तोड आणि तिचे मोजमाप

भाताची झोडणी आटोपली की पालघर, नाशिक, नंदुरबार या जिल्ह्यांतील डोंगराळ गावांतून, तसेच पूर्वेकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनांच्या आसपासच्या वस्त्यांतून माणसे कुऱ्हाड व कोयता घेऊन जंगलकामास निघतात. शेती पावसावरची, जमीन थोडी आणि घरखर्च मात्र बारा महिन्यांचा. अशा कुटुंबांना उन्हाळ्यापर्यंतच्या या मजुरीचाच आधार असतो. हे काम अंगमेहनतीचे आहे तसेच जोखमीचेही आहे. त्यात हिशेबही पुष्कळ असतो, आणि मजुराचे नुकसान होते ते बहुधा या हिशेबातच.

जंगल एकदम तोडले जात नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनेत त्याचे भाग पाडलेले असतात. त्यांस कूप म्हणतात. समजा, तोडीची फेरी ४० वर्षांची आहे, तर जंगलाचे ४० कूप करून दरवर्षी एकच तोडावयाचा, म्हणजे पहिल्या कुपावर पुन्हा पाळी येईतो तेथील झाडे ४० वर्षांची झालेली असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून केंद्र शासनाने मंजूर केलेल्या आयोजनेखेरीज वनांत तोड करता येत नाही. तोडावयाच्या झाडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा मारतात. एक ठसा बुंध्याशी अगदी खाली असतो, तो झाड पडल्यावरही खुंटावर राहावा म्हणून. ठसा नसलेला खुंट तपासणीत आढळला तर त्याचा जाब तोड करणाऱ्यास द्यावा लागतो. यास्तव कुऱ्हाड चालविण्यापूर्वी ठसा स्वतः पाहून घ्यावा.

झाड पाडणे हे दोघा जाणत्यांचे काम होय. प्रथम बुंध्याभोवतालची झुडपे साफ करावीत, झाडास जखडलेल्या वेली तोडाव्यात आणि वर वाळकी फांदी लोंबत आहे काय हे पाहावे. नंतर झाड कोणत्या बाजूस पाडावयाचे ते ठरवून, त्याच्या उलट दिशेस तिरक्या अशा मागे हटण्याच्या दोन वाटा मोकळ्या कराव्यात. पाडावयाच्या बाजूस बुंध्याच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीची खाच घ्यावी. मग मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, करवत लावावी. करवत पूर्ण आरपार नेऊ नये. मध्ये जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्शाची पट्टी राखावी. ती बिजागरीसारखी वागते व झाडास ठरल्या बाजूस वळविते. ही पट्टी कापली गेली की झाड कोठे पडेल याचा नेम राहत नाही. (दोघांच्या करवतीत प्रत्येकाने फक्त आपल्याकडे ओढावयाचे असते, लोटावयाचे नसते, नवखा गडी ओळखू येतो तो येथेच.) इतर माणसांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतके दूर राहावे. पडते झाड दुसऱ्यात अडकले तर त्याखाली जाऊ नये व ज्यात ते अडकले आहे ते तोडूही नये. ते बाजूने ओढून काढावे. वारा सुटला असता काम थांबविणे हा भित्रेपणा नव्हे. यांत्रिक करवत आली म्हणून यातील एकही नियम शिथिल झालेला नाही. उलट तिच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून अधिक जपावे लागते.

खुंट जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत राखावा व धारदार कुऱ्हाडीने उतरता, गुळगुळीत करावा, म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही. साल लाकडापासून सुटू देऊ नये. सागाचा जोमदार फुटवा जमिनीलगत येतो, आणि पुढच्या फेरीचे झाड म्हणजे हाच फुटवा होय. फांद्यांचा कचरा खुंटांवर टाकू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ असतो, आणि असा ढीग पेटला तर फुटवा मुळातच जळून जातो.

आता मोजमापाकडे वळू. लठ्ठ्याची गोलाई मधोमध घेऊन तिचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात व त्यास लांबीने गुणतात. गोलाई १२० सेंटीमीटर व लांबी ३ मीटर असेल तर चौथा हिस्सा ०.३० मीटर, वर्ग ०.०९, आणि घनफळ ०.२७ घनमीटर. या रीतीने येणारे माप लठ्ठ्याच्या खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच भरते. व्यवहारात ती सर्वमान्य असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गोलाई १२० च्या जागी ११५ लिहिली गेली तर घनफळ ०.२४८ वर येते. पाच सेंटीमीटरच्या चुकीने आठ टक्के माल कागदावरून नाहीसा होतो, आणि मजुरी घनमीटरवर ठरली असेल तर तितकीच मजुरीही. म्हणून फीत लठ्ठ्याशी काटकोनात धरली आहे काय हे टोळीतील एकाने तरी पाहावे, आणि लठ्ठ्यावरील क्रमांक, लांबी व गोलाई आपल्या वहीत उतरून घ्यावी. लिहिता येणारा मुलगा घरी असेल तर ही वही त्याच्याकडून नीट करून घ्यावी.

पूर्वी ही सारी आकडेमोड ठेकेदाराच्या मुनिमाच्या हाती असे. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारली मजुरांनी वेठीविरुद्ध आणि गवतकापणी व जंगलकामाच्या मजुरीसाठी लढा दिला. त्यानंतर १९४७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांस कूप देण्याची योजना सुरू केली. ठेकेदारांच्या जागी अशा संस्था व शासकीय महामंडळे यावीत, हे धोरण पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतही नमूद झाले. तथापि संस्था सभासदांची असली तरी वही सभासदांनी पाहिली नाही तर मुनीम तेवढा बदलतो.

ज्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या रानात साग आहे त्यांनाही मोजण्याची ही रीत उपयोगी पडेल. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार तोडीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि माल हलविण्यास वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर त्यास १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. त्याने व्यापाऱ्याशी सौदा न करता प्रथम जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अर्जापूर्वी प्रत्येक झाडाची छातीच्या उंचीवरील, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरील गोलाई मोजून ठेवावी. उभी झाडे उक्ती विकणाऱ्याजवळ हा आकडा सहसा नसतो. घेणाऱ्याजवळ तो नेहमीच असतो.