जुनी होडी घेण्यापूर्वी

बाजारात बैल घ्यायचा असला तर आपण नुसतं त्याच्या रंगारूपावर जात नाही. दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलं चालवतो, जमलं तर जोखडाखालीही घालून पाहतो. विकणाऱ्यानं शिंगं रंगवून आणली म्हणून कोणी दोन पैसे जास्त देत नाही. पण असाच जाणता माणूस जुनी बोट घ्यायला बंदरावर गेला, की रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, किती वाव लांब म्हणून विचारतो आणि विसार देऊन मोकळा होतो. बोटीचे दात कुठे पाहायचे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्या कोकणपट्टीवर नवी बोट बांधणं सगळ्यांना झेपत नाही. पुष्कळांचा धंदा सुरू होतो तो दुसऱ्यानं वापरलेल्या बोटीवर. त्यासाठी घरातलं सोनं मोडतं, संस्थेचं कर्ज निघतं. खराब जमीन पदरात पडली तर एखादं वर्ष पीक बुडेल. पण तळाची फळी सुटलेली बोट किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांवर असते, आणि तिच्यात पाच-सात माणसं असतात.

“आम्ही माणूस नेऊन तपासून घेतली होती हो,” असं फसलेली मंडळी सांगतात. ते खोटं नसतं. तपासणी झालेली असते. पण जिथे डोळा आणि हात पोचतो तेवढ्याच जागेची. तपासणारा कितीही कसबी असला तरी दुसऱ्याच्या बोटीची फळी उचकटायची त्याला मुभा नसते. इंजिनाखाली, डिझेलच्या टाकीमागे, बर्फाच्या खणाच्या अस्तराआड त्याला डोकावता येत नाही. आणि लाकडी बोटीचं दुखणं नेमकं तिथंच असतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काहींना नवल वाटेल. बोटीचं लाकूड खाऱ्या पाण्यानं फारसं कुजत नाही. ते कुजतं गोड्या पाण्यानं. लाकूड कुजवणारी बुरशी दमट लाकडात वाढते, पण मीठ मुरलेल्या लाकडात तिचं फारसं चालत नाही. म्हणून सदा समुद्रात बुडालेली खालची फळी पुष्कळदा टणक निघते, आणि वरची, जिच्यावर लाट क्वचितच येते, ती आतून भुसभुशीत झालेली असते. पावसाचं पाणी वरच्या तक्तपोशीच्या फटीतून झिरपतं, तुळईच्या टोकाशी साठतं, वारा नसतो म्हणून वाळत नाही. वरून रंगाचा पापुद्रा धडधाकट, आत लाकडाचा भुगा. बोट पावसाळ्यात वर ओढून झापांनी किंवा प्लास्टिकनं शाकारून ठेवतात, त्यात पाणी अडवण्याइतकाच वारा खेळवण्याचाही विचार असावा लागतो. चारी बाजूंनी गच्च आवळून झाकलेली बोट आतल्या आत उबून जाते.

आणि हे गोडं पाणी केवळ आभाळातूनच येतं असं नाही. मासळी ठेवायच्या खणात बर्फ भरतात. बर्फ वितळला की त्याचं गोडंच पाणी होतं. खणाला आतून थर्माकोल किंवा तसलं गारवा धरणारं काही बसवलेलं, त्यावर फायबरचं अस्तर. त्या अस्तराला एक बारीक चीर गेली, की वितळलेलं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. मोसमच्या मोसम ते बोटीच्या फासळ्यांना लागून राहतं. तपासणाऱ्याला दिसतं काय, तर पांढरंशुभ्र अस्तर! माझ्या मते जुन्या मासेमारी बोटीत पहिला संशय घ्यायचा तो या खणाचा. अस्तर उघडू देत नसतील तर निदान खणाच्या मागच्या बाजूनं, इंजिनाकडून, फासळ्यांची बुडं चाचपून पाहावीत. टोच्या घ्यावा आणि बेतानं दाबावा. चांगलं लाकूड टोच्याला विरोध करतं; कुजलेलं लोण्यासारखं आत घेतं.

खालच्या बाजूचा शत्रू निराळा. त्याला किडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. शिंपल्याच्या कुळातला, लांबोळक्या अंगाचा प्राणी आहे. त्याचं पिल्लू डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं असतं. ते पाण्यात पोहत येतं, उघड्या लाकडाला चिकटतं आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतं. मग आतच वाढतं. वाढेल तसा बोगदा रुंद करतं, आणि भिंतीला चुन्यासारखा पातळ लेप देत जातं. बाहेरचं भोक मात्र तेवढंच राहतं. एकाच फळीत असे पुष्कळ प्राणी शेजारी शेजारी राहतात. एकाचा बोगदा सहसा दुसऱ्याच्या बोगद्यात शिरत नाही. त्यामुळे फळी मधाच्या पोळ्यासारखी पोकळ झाली तरी वरची साल अखंड राहते. हॉलंडमध्ये १७३० नंतरच्या काही वर्षांत या प्राण्यानं समुद्र अडवणाऱ्या बांधांचं लाकूड असंच खाल्लं, आणि शेवटी तिथल्या लोकांना लाकूड सोडून दगडाकडे वळावं लागलं.

बोट वाळूवर ओढताना तळाच्या कण्याचा रंग खरवडला जातो. हा प्राणी शिरतो तो तिथून. रंग शाबूत असलेल्या फळीत त्याला सहज शिरता येत नाही. म्हणून बोट वर घेतलेली असताना गुडघ्यावर बसून, नव्हे प्रसंगी वाळूत आडवं पडून, कण्याची खालची बाजू पाहावी. बोट कोरडी राहिली की तो प्राणी मरतो हे खरं, आणि विकणारा तसं सांगेलही. पण प्राणी मेला तरी बोगदे बुजत नाहीत.

तिसरी जागा खिळ्यांची. फळी फासळीला खिळ्यानं किंवा बोल्टानं जखडलेली असते. वरून खिळ्याचं डोकं दिसतं, तेही पुटीनं बुजवलेलं. खिळा झिजतो तो डोक्याशी नव्हे, तर कमरेशी, जिथे फळी संपते आणि फासळी सुरू होते तिथं. त्या सांध्यात ओल धरून राहते. डोकं गोल गरगरीत, टोक ठीक, आणि मधे सुईएवढी कंबर! असे पाच-पन्नास खिळे एका बाजूला झाले, की एखाद्या वादळी लाटेला फळी सुटते. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल, पुटी पुन्हा पुन्हा फुगून निघत असेल, फळीवर तांबूस ओघळ असतील, तर विकणाऱ्याकडून एक-दोन खिळे उपटून दाखवून घ्यावेत. नवे खिळे त्याला तुमच्या खर्चानं मारून द्या. नाही म्हणाला, तर त्या नकाराचीही किंमत धरावी. स्टेनलेसचे बोल्ट आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. ओल्या लाकडात, जिथे हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेसही खड्डे पडून झिजतं.

शिक्षकमंडळींसाठी इथे थोडं थांबतो. ब्रिटिश आरमारानं १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकला. हेतू असा, की लाकूड पोखरणारा प्राणी आत शिरू नये. तो हेतू साधला. पण दोनेक वर्षांनी जहाज परत आल्यावर पाहतात तो पुष्कळ लोखंडी खिळे झिजून गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. ते का राहिले? पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता, तो कागद त्या ठिकाणी तसाच राहून गेला होता. लोखंडाला तांबं भिडलंच नव्हतं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की त्यांची एक छोटी बॅटरी होते आणि त्यातला एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. वर्गात तीन पेल्यांत मिठाचं पाणी घ्या. एकात नुसता खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी बांधलेला खिळा ठेवा. आठवड्याभरात मुलं स्वतःच निकाल सांगतील. बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा कशासाठी लावतात, हेही मग त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. जुन्या बोटीवर हा ठोकळा पार झिजून गेलेला, किंवा अंगावर रंग फासलेला दिसला, तर मालकानं बाकीच्या धातूची काय काळजी घेतली असेल याचा अंदाज येतो. रंग फासलेला ठोकळा काम करीत नाही.

अलीकडे जुन्या लाकडी बोटीवर बाहेरून फायबर चढवण्याची रीत पडली आहे. नव्या, कोरड्या लाकडावर ते नीट बसवलं तर उपयोगी आहे. पण गळकी, ओली बोट गळायची थांबावी म्हणून जे फायबर चढवतात, ते जखम न धुता वर पट्टी बांधण्यासारखं. ओल आत कोंडते आणि लाकूड पट्टीआड कुजत राहतं. अशा बोटीवर लहान हातोडीनं हलकेच ठोकत जावं. जिथे फायबर लाकडाला धरून आहे तिथे खणखणीत आवाज येतो. सुटलेलं असेल तिथे बद्द. मडकं घेताना आपण बोटानं टिचकी मारतो, तसंच हे. सबंध फायबरच्या बोटीच्या तळाला फोड दिसले आणि फोडल्यावर आंबूस वासाचं पाणी आलं, तर पाणी थरांच्या आत मुरलं आहे असं समजावं.

इंजिनाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. आपण पोचण्याआधी इंजिन चालू करून ठेवलेलं नाही ना, हे हात लावून पाहावं. थंड इंजिन कसं उठतं यावरच त्याची पारख होते. तेलाची कांडी ओढून पाहावी; तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. पंखा हातानं वरखाली हलवून पाहावा, दांडा खिळखिळा लागतो का. आणि इंजिन ज्या तुळयांवर बसवलं आहे त्या पाहाव्यात. सारा हादरा त्या सोसतात आणि तेलकट काजळीत त्यांच्या चिरा झाकून जातात.

सर्वांत फसवा काळ पावसाळ्याचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर असतात, आणि व्यवहारही तेव्हाच ठरतात. वर ओढलेल्या बोटीच्या फळ्या सुकतात, सांधे उघडतात. खरेदीदार विचारतो, “नाखवा, ह्या फटींतनं उजेड दिसतो, त्याचं काय?” नाखवा म्हणतो, “पान्यात पडली का दोन दिसांत फुगंल.” नाखवा खरंही बोलत असेल! पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, फटीत भरलेला कापूस आवळला जातो आणि गळती थांबते. पण कुजलेल्या फळीची आणि सैल खिळ्याची गळतीही पहिल्या दिवशी तशीच दिसते. म्हणून पूर्ण पैसे बोट पाण्यात पडल्यावरच द्यावेत. बोट पाण्यात सोडल्यावर तळात साठणाऱ्या पाण्याच्या पातळीशी रोज सकाळी एका फासळीवर खडूनं रेघ मारावी, आणि मग पाणी उपसावं. रेघ रोज खाली येत गेली तर फळ्या फुगत आहेत. चौथ्या-पाचव्या दिवशीही रेघ तिथेच राहिली, तर पाणी दुसऱ्या वाटेनं येतं आहे. मग बोट बाहेर नेऊन, लाटेवर तासभर चालवून पुन्हा तळ पाहावा. धक्क्याला बांधलेली बोट जे लपवते ते लाटेवर उघडं पडतं.

कायदा काय म्हणतो, तेही ऐकून ठेवा. मालविक्रीचा १९३० सालचा कायदा विकलेल्या मालाच्या दर्जाची हमी सरसकट गृहीत धरीत नाही. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून माल वर्णनावरून घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य असावा असं मानलं जातं. पण तुम्ही स्वतः तपासून घेतला असेल, तर जो दोष तशा तपासणीत कळायला हवा होता, त्याबद्दल तक्रार चालत नाही. आणि आपली एकुलती एक बोट विकणारा नाखवा तर बोटींचा व्यापारी नव्हेच. १८७२ च्या कराराच्या कायद्यानं दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूक ठरते, पण नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. म्हणून नाखव्याला गप्प राहू देऊ नये. बोट कधी खडकावर चढली होती का, कुठली फळी बदलली, फायबर का चढवलं, बर्फाचा खण शेवटचा कधी उघडला, हे प्रश्न चार माणसांदेखत विचारावेत आणि उत्तरं विसारपावतीवरच लिहून त्याखाली त्याची सही घ्यावी. त्याच कागदावर बोटीवर कुठल्या संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज आहे काय, हेही लिहून घ्यावं, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन नोंदणी नेमकी कोणाच्या नावावर आहे ते विसार देण्याआधी पाहून यावं.