जुने खेळ आणि नवा संगणक

जुन्या खेळयंत्रांचे खेळ संगणकावर चालविणाऱ्या प्रणालीस 'एम्युलेटर' म्हणतात. ह्या हौसेपायी खकनारच्या शेतकरी बापाने कर्ज काढावे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पालकहो, मुलाला कोणते खेळ हवेत ते आधी विचारा, मगच बऱ्हाणपूरचा बाजार गाठा. १९९४ च्या प्लेस्टेशनचे खेळ साध्या, जुन्या संगणकावरही चालतात. २००० सालच्या प्लेस्टेशन २ ला मात्र पुष्कळ अधिक बळ लागते. प्रोसेसर घेताना कोअरच्या संख्येस भुलू नका. एम्युलेटरचा मुख्य भार थोड्याच कोअरवर पडतो. म्हणून एकेका कोअरचा वेग पाहावा. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरात ग्राफिक्सची सोय अंगचीच असते. निराळ्या कार्डाचा खर्च वाचतो. खेळाची चोरटी प्रत मात्र घेऊ नका. सातवी आज्ञा येथेही लागू आहे.